लॅमिनेशन

बोरा बाजारात, झेरॉक्सवाल्याच्या माथ्यावर तिसरा मजला.
मस्करेन्हस साहेबांचं ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन फोन
आणि भिंतीवर व्हिएतनामचा नकाशा,
पिळून वाळत घातलेल्या ओढणीसारखा.

‘पैसे शाळा देते, तुम्ही नाही,’ ते म्हणाले.
मग फाइल उघडायचे साडेचार हजार घेतले
आणि पावती मागितल्यावर
सख्ख्या भावाला हिशेब विचारल्यासारखे दुखावले.

नाव?
प्रमिला सोनकांबळे.
तिकडच्यांच्या जिभेला नाही झेपणार. मिला करू या.
मिला.
हिंदीत याचा अर्थ,
कुणाचं तरी काहीतरी हरवलेलं सापडलं.

म्हणा, व्हेरी वेल.
म्हटलं.
पुन्हा. पहिल्याला दात ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू.
चौदा वर्षं नळबाजारच्या शाळेत मी पॅसिव्ह व्हॉइस शिकवला,
कर्ता शेवटी येतो, नाही आला तरी चालतं.
आणि घरी एका व वर
वारा, वीज, विहीर, वडील, सगळं भागवलं.
आता त्याचे दोन तुकडे करून
एक दातांना द्यायचा, एक ओठांना.

व्हिडिओला पांढरी भिंत हवी होती.
घोडपदेवच्या आमच्या खोलीत पांढरी भिंत नाही,
म्हणून शकिलाची चादर कपाटावर ताणली
आणि समोरच्या रिकाम्या स्टुलाला
हसून, हात हलवून, सफरचंद शिकवलं.
स्टूल हललं नाही.
इतका शिस्तीचा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

मातृभाषा विचारली तर?
‘इंग्लिश सांगा. घरात बोलता ना थोडं?’
बोलतो ना.
लाइट, गॅस, टेन्शन.

सर्टिफिकेट बघून मात्र ते थांबले.
नखाने कोपरा खरवडला.
हे कुणी केलं? लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही,
ना मंत्रालयात, ना दिल्लीत. काढून आणा.

बाबांनी केलं होतं. पदवी हातात आली त्याच संध्याकाळी,
लालबागच्या दुकानात रांग लावून.
बाबा गोदीत जहाजांवर नावं रंगवायचे,
पुरुषभर उंचीची इंग्रजी अक्षरं,
वाचता यायची नाहीत, पण एकही चुकलं नाही.
खारी हवा रंगाचं काय करते
हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?
म्हणाले होते, हिला हवा लागू द्यायची नाही.

रविवारी त्यांनीच काढलं.
शकिलाचा केस वाळवायचा ड्रायर, दाढीचं पातं,
मांडीवर दुमडलेला टॉवेल.
दोन तास कुणाशी बोलले नाहीत. चहा गार झाला.
कडा सुटली. कुलगुरूंची सही सुटली.
माझ्या आडनावाशी पातं अडलं,
थोडी शाई प्लास्टिकबरोबर निघून आली.
ळ फिका झाला.
तसाही तिकडे कुणाला म्हणता येणार नव्हता.

‘चालेल का गं?’
चालेल, बाबा.

मंगळवारी सकाळी साडेसहा. हायफाँगमध्ये आठ.
पडद्यावरच्या बाई प्रत्येक वाक्याआधी
मनातल्या मनात एकदा ते म्हणून बघत होत्या,
मला दिसत होतं. मीही तेच करत होते.
त्यांचा व्हेरी माझ्यासारखाच,
दातांपर्यंत न पोचणारा.

चादरीपलीकडे, मोरीच्या उंबऱ्यावर बाबा.
हातात ते काढलेलं प्लास्टिक, ट्यूबलाइटकडे धरलेलं,
आणि त्यावरचं उलटं अक्षर
ते बोटाने गिरवत होते, हळू,
रंग ओला असल्यासारखं.

‘तुमची पहिली भाषा, मिस मिला?’

मराठी, मी म्हटलं. आणि नाव प्रमिला.

तिकडे चेहरा गोठला.
नेटवर्क असेल.
मी हसरी बसून राहिले, स्टुलासमोर बसले होते तशी.